बंद कोनाचा काचबिंदू : आधी लेन्स काढायची की थेट ट्रॅब?

कोनमापक

बंद कोनाच्या काचबिंदूत आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची वाट अडवते, प्रेशर चढतं आणि नस मरत जाते. लेझरनंतरही प्रेशर बसत नसेल तर पुढची पायरी कोणती, यावर दर कॉन्फरन्सला तेच भांडण होतं. इथेही होऊ द्या, पण हवेत नको. कागदावरची एक केस घेऊ.

वय ५८. दोन्ही डोळ्यांना +३ चा चष्मा. डोळ्याची लांबी २१.६ मिमी, पुढच्या कप्प्याची खोली २.२ मिमी. लेझर इरिडॉटॉमी (आयरिसमध्ये लेझरने छिद्र) झालेली, छिद्र उघडं. तरी दोन थेंबांवर उजव्या डोळ्याचं प्रेशर २६. दाब देऊन गोनिओ (खास भिंगाने कोन बघणं) केली तरी जवळपास २०० अंशांत आयरिस जाळीला, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या चाळणीला, चिकटलेलीच. नसेचा कप (मधला खड्डा) ०.७, फील्डचा (नजरेच्या आवाक्याचा) एमडी, म्हणजे सरासरी तूट, −८. लेन्स स्वच्छ, नजर ६/६. डावा डोळाही त्याच घडणीचा, फक्त प्रेशर २१ आणि फील्ड बरंच चांगलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इथे ट्रॅबेक्युलेक्टॉमीआधी (ट्रॅब : पाण्याला बाहेर जायला नवी वाट कापणं) फेको करून, म्हणजे मोतीबिंदूसारखी शस्त्रक्रिया करून, लेन्स काढावी, मोतीबिंदू नसला तरी. ट्रॅब हातची ठेवावी. झोडा.

नेत्रपल्लवी

+१. २०१६ मध्ये लॅन्सेटला आलेली ईगल चाचणी हेच सांगते. ४१९ रुग्ण, पन्नाशीच्या पुढचे, मोतीबिंदू नसलेले. अर्ध्यांची स्वच्छ लेन्स काढली, अर्ध्यांना लेझर आणि थेंब. तीन वर्षांनी लेन्सवाल्यांचं सरासरी प्रेशर १६.६, लेझरवाल्यांचं १७.९. फरक जेमतेम सव्वा मिमीचा, पण खरी गंमत थेंबांत आहे. लेन्सवाल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना प्रेशरसाठी पुढे काहीच लागलं नाही, लेझरवाल्यांत हा आकडा २१ टक्के.

सरासरीचा_शत्रू

ईगलचं नाव घेताना तिच्या दारावरची पाटी वाचत जा हो. आधी कुठलंही लेझर किंवा शस्त्रक्रिया झालेले रुग्ण त्यात नव्हते. तीव्र अटॅक (कोन एकदम बंद होऊन प्रेशर भडकणं) येऊन गेलेले नव्हते. एमडी −१५ पेक्षा वाईट किंवा कप ०.९ आणि पुढे, तेही नव्हते. नस अजून शाबूत असलेल्यांना प्रेशर ३० किंवा जास्त असेल तरच आत घेतलं.

म्हणजे कोनमापक यांच्या रुग्णाला दारातूनच परत पाठवलं असतं, कारण लेझर झालंय. ईगलचा प्रश्न 'लेझर की लेन्स' असा होता. या धाग्याचा प्रश्न 'लेन्स की ट्रॅब' असा आहे. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवू नका, तिथे आधीच बरंच काही चिकटलेलं आहे.

शिवणकर

शेवटच्या वाक्याला दाद. आता माझा विरोध.

−८ चं फील्ड म्हणजे अजून वेळ आहे, मान्य. पण हाच रुग्ण −१८ घेऊन आला तर? तिथे टार्गेट १२ च्या आसपास हवं. नुसत्या लेन्सने १५-१६ मिळतं, तेही थेंबांसकट. २०० अंश चिकटलेला कोन लेन्स काढल्याने आपोआप सुटत नाही. उरलेले १६० अंश उघडतात, आणि त्या भागातली जाळी वर्षानुवर्षं घासून किती कामाची उरली आहे हे गोनिओवर दिसत नाही. 'आधी लेन्स, मग बघू' यातल्या 'मग बघू'मध्ये किती फील्ड जातं ते कोणी मोजत नाही.

वाचनमात्र

डॉक्टर नाही, घरात हा आजार आहे म्हणून वाचून वाचून थोडं कळतं. स्वच्छ लेन्स काढायची म्हणजे दुखत नसलेला दात उपटण्यासारखं नाही का?

कोनमापक

@वाचनमात्र, प्रश्न रास्त आहे. फक्त हा दात शेजाऱ्याला ढकलतोय.

लहान डोळ्यात घर लहान आणि सामान मोठं. साठीच्या आसपास लेन्स जवळपास ५ मिमी जाड होते आणि पुढे सरकते. आयरिस तिच्यावर टेकते, मागचं पाणी बाहुलीतून पुढे यायला अडतं, आयरिस फुगून कोनात घुसते. लेझरचं छिद्र एवढंच करतं की पाण्याला दुसरी वाट देतं. मागून ढकलणारी जाड लेन्स तशीच राहते. म्हणून छिद्र उघडं असूनही कोन अरुंद राहिलेले डोळे दिसतात. लेन्स काढून तिथे जेमतेम १ मिमीची कृत्रिम लेन्स बसवली की पुढचा कप्पा एकदम खोल होतो.

तोटा : जवळचं फोकस करण्याची ताकद जाते. ५८ व्या वर्षी ती तशीही गेलेली असते. पंचेचाळिशीत मात्र दहादा विचार करावा.

सरासरीचा_शत्रू

शिवणकर, तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारी चाचणी हाँगकाँगची, २०१३ ची. जुनाट बंद कोन, औषधांनी प्रेशर आटोक्यात नाही, मोतीबिंदू नाही. २६ डोळ्यांना फेको, २४ ना ट्रॅब. दोन वर्षांनी फेकोने प्रेशर ८.४ ने उतरलं, ट्रॅबने ८.९ ने. म्हणजे बरोबरी. ट्रॅबवाल्यांना सरासरी १.१ औषध कमी लागलं. पण गुंतागुंत ट्रॅबमध्ये ४६ टक्के, फेकोमध्ये ४ टक्के, आणि ट्रॅबच्या एक तृतीयांश डोळ्यांत पुढे मोतीबिंदू आला. पन्नासच डोळे आहेत, जपून वापरा.

शिवणकर

एक थेंब कमी, ही माझ्या रुग्णांसाठी छोटी गोष्ट नाही. तीन बाटल्या दर महिन्याला, त्यातली एक फ्रिजमध्ये ठेवायची, आणि घालणारं घरात कोणी नाही. पण ४६ टक्क्यांवर गप्प बसतो.

थिएटर_नंबर_दोन

सगळे चाचण्या वाचतायत, टेबलावर काय होतं ते कोणी लिहीत नाही. लहान डोळ्याच्या लिस्टला आमच्या बाजूची तयारी :

मॅनिटॉल २० टक्के, किलोमागे १ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ६० ग्रॅम, म्हणजे ३०० मिली. चीर देण्याआधी तासभर सुरू करून अर्ध्या-पाऊण तासात संपवायचं. थंडीत बाटलीत खडे धरतात. कोमट पाण्यात ठेवून विरघळवायचे, मग परत गार होऊ द्यायचं, आणि फिल्टर असलेला सेट लावायचा. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर फिजिशियनला विचारल्याशिवाय लावायचंच नाही. आणि टेबलावर घेण्याआधी लघवीला पाठवायचं. हे विसरलात तर लेन्सच्या पिशवीला गोल भोक पाडताना, ऐन र‍्हेक्सिसच्या वेळी पेशंट चुळबुळ करतो, धाप धरतो, आणि मागून प्रेशर वाढतं. सर्जन मग मायक्रोस्कोपवर चिडतात.

टेबल डोक्याकडून १०-१५ अंश वर. स्पेक्युलम (पापण्या उघड्या ठेवणारी चिमटी) पापणीवर दाबत नाही ना ते बघायचं. ब्लॉक (भुलीचं इंजेक्शन) दिलाच तर औषध मोजकं, आणि चीर देण्याआधी डोळा मऊ झालाय याची बोटाने खात्री. जमत असेल तर थेंबांची भूल किंवा सब-टेनॉन (डोळ्याच्या आवरणाखाली सोडलेली भूल).

नेत्रपल्लवी

सिस्टर, हा प्रतिसाद छापून थिएटरच्या दारावर लावायला हवा.

फेकोच्या बाजूने भर घालते. हे साधे मोतीबिंदू नसतात, 'स्वच्छ लेन्स म्हणजे सोपी केस' हा गैरसमज आधी काढा. लेन्स मऊ असते हे खरं, पण जागाच नसते. चीर किंचित पुढे, कॉर्नियात (समोरच्या पारदर्शक पडद्यात), आणि बोगदा लांब. मागे चीर घेतली की आयरिस बाहेर येते. आली तर ती आत कोंबू नका. आधी बाजूच्या छिद्रातून थोडं व्हिस्को (कप्पा फुगवून ठेवणारी जेली) बाहेर सोडून प्रेशर उतरवा, मग ती हलकेच पुसत आत न्या. कोंबत राहिलात तर आयरिसची दोरी होते आणि बाहुली कायमची वाकडी.

कॅप्सूल (लेन्सची पिशवी) पुढे फुगलेली असते, त्यामुळे र‍्हेक्सिस कडेला पळतो. जड व्हिस्कोने ती सपाट केल्याशिवाय सुरुवात नको, आणि रुंदी कमी झाली की पुन्हा भरा. अटॅक येऊन गेलेल्या डोळ्यात बाहुली ताठ असते, हुक लागतात, झोन्यूल (लेन्स धरून ठेवणारे धागे) सैल असू शकतात, कॉर्नियाच्या पेशी आधीच घटलेल्या असतात. स्पेक्युलर (या पेशींची मोजणी) न करता अशा डोळ्यात शिरू नये.

शेवटी व्हिस्को लेन्सच्या मागूनही काढा. कंटाळा केला तर संध्याकाळी प्रेशर ४०, आणि कमकुवत नसेला तेवढी एक रात्र पुरते. सहा-आठ तासांनी एकदा प्रेशर बघावं. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी बघण्याची सवय या रुग्णांना महाग पडते.

ऑप्टो_सोलापूर

लेन्सच्या नंबराचंही बोला. २२ मिमीच्या खालच्या डोळ्यात मोजमापाची चूक फुगते. साध्या डोळ्यात लांबीत १ मिमी चुकली तर साधारण अडीच नंबर चुकतो, लहान डोळ्यात साडेतीनच्या पुढे. टेकवायचा ए-स्कॅन (अल्ट्रासाऊंड) प्रोब कॉर्निया दाबतो, डोळा आहे त्याहून आखूड मोजला जातो, लेन्स जास्त ताकदीची निघते आणि माणूस मायनस होऊन बसतो. आयुष्यभर +३ वापरलेल्याला −१.५ दिलं तर तो आभार मानत नाही.

ऑप्टिकल बायोमेट्री (प्रकाशाने मोजणं), नाहीतर निदान इमर्शन (प्रोब कॉर्नियाला न टेकवता, पाण्यातून). लेन्सच्या नंबराचं सूत्र एसआरके-टी नको. हॉफर क्यू, हेगिस, बॅरेट, केन यांतली दोन-तीन लावून बघा. त्यांचे आकडे एकमेकांपासून अर्ध्या नंबरापेक्षा लांब गेले तर पुन्हा मोजा. मल्टिफोकल टाळावी, काचबिंदूत कॉन्ट्रास्ट आधीच कमी झालेला असतो.

अडगळीतला_ऑप्टिशियन

थोडक्यात, प्रेशर गेलं आणि चष्म्याचा ग्राहक टिकला. आमची हरकत नाही.

साइनेकीतोड

सगळे दोनच पर्याय धरून बसलेत. मधला मार्ग आहे : फेको करून लेन्स बसवली की त्याच बैठकीत गोनिओसाइनेकिओलायसिस, म्हणजे चिकटलेली आयरिस जाळीपासून सोडवणं. डोकं ३०-४० अंश वळवा, मायक्रोस्कोप तेवढाच तिरका करा, कॉर्नियावर गोनिओ लेन्स टेकवा. कोनात जड व्हिस्को सोडा, आणि बोथट स्पॅट्युलाने आयरिसचं मूळ मागे, खाली ढकला. खरवडायचं नाही, ढकलायचं. जाळीची तपकिरी पट्टी दिसली की पुढच्या तासाच्या काट्यावर जा. थोडं रक्त येतं, व्हिस्कोनेच थांबतं. जोर लावला तर आयरिस मुळापासून सुटते.

चिकटून सहा महिने-वर्षाच्या आत असेल तर फायदा होण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा जुनं असेल तर खालची जाळीच मेलेली असते. दार उघडता, पण पलीकडे भिंत.

सरासरीचा_शत्रू

आणि इथेच अडचण. नुसतं फेको विरुद्ध फेको अधिक साइनेकिओलायसिस अशा ज्या यादृच्छिक चाचण्या झाल्या, त्या एकत्र पाहिल्या तर प्रेशरमध्ये ठळक फरक दिसत नाही. व्हिस्कोने कप्पा खोल करतानाच बरंचसं सुटतं, असं एक स्पष्टीकरण आहे.

साइनेकीतोड

सरसकट फरक नाही, मान्य. नुकताच अटॅक येऊन गेलेला आणि ताजं चिकटलेलं, त्या गटात मी हट्ट सोडणार नाही. या धाग्यातल्या केसमध्ये चिकटणं किती जुनं आहे हे कोणालाच माहीत नाही, त्यामुळे इथे फार आशा नको.

वाचनमात्र

ट्रॅबची भीती नेमकी कशाची? ४६ टक्के म्हणजे काय काय होतं?

शिवणकर

नीट लिहितो, कारण माझीच बाजू आहे.

ट्रॅब म्हणजे पांढऱ्या भागात अर्ध्या जाडीचं झाकण उचलून त्याखाली भोक पाडायचं आणि पाणी कंजंक्टायव्हाखाली (पांढऱ्यावरच्या पातळ पडद्याखाली) जिरू द्यायचं. वर फुगा येतो, त्याला ब्लेब म्हणतात. जखम भरली की वाट बंद, म्हणून ती भरू न देणारं मायटोमायसिन. ०.२ मिग्रॅ प्रति मिली, दोन-तीन मिनिटं, मग भरपूर धुवायचं. २ मिग्रॅची कुपी १० मिलीत विरघळवली की हे प्रमाण येतं. कपाटात १० मिग्रॅची कुपीही असते. लेबल मोठ्याने वाचून घ्या, पाचपट चूक एका नजरचुकीची असते.

बंद कोनात झाकण घट्ट शिवायचं. १०-० नायलॉनचे सुटणारे टाके, आणि ते दोन-तीन आठवड्यांनी एकेक करून सोडायचे. उघड्या कोनाच्या सवयीने सैल शिवलं तर पुढचा कप्पा बसतो, आणि इथे तो बसणं म्हणजे लेन्स कॉर्नियाला टेकणं.

कप्पा बसलेला दिसला की आधी प्रेशर बघा. प्रेशर कमी, ब्लेब मोठा : जास्त गळतंय. प्रेशर कमी, ब्लेब चपटा : फ्लोरेसिन टाकून गळती शोधा. प्रेशर जास्त किंवा 'नॉर्मल', आणि कप्पा मध्यावरही उथळ : मॅलिग्नंट ग्लॉकोमा. नावात मॅलिग्नंट असलं तरी कॅन्सरशी संबंध नाही, फोन ग्राफेने १८६९ मध्ये ते नाव ठेवलं. पाणी उलटं मागे, व्हिट्रियसमध्ये (डोळ्याच्या मागच्या जेलीत) जातं आणि सगळं पुढे ढकलतं. बाहुली अडल्यामुळे असेल तर मध्यावर कप्पा तसा खोल राहतो, कडेला आयरिस फुगते. दोन्हीतला फरक स्लिट लॅम्पवर, मध्य बघून. मॅलिग्नंटमध्ये पायलोकार्पिन (बाहुली लहान करणारा थेंब) घातलं तर वाटोळं. अॅट्रोपिन १ टक्का, अॅसेटाझोलामाइड, मॅनिटॉल, आणि चार-पाच दिवस धीर. सुमारे निम्मे तेवढ्यावर बसतात. नाही बसले आणि लेन्स कृत्रिम असेल तर याग लेझरने मागची कॅप्सूल आणि व्हिट्रियसचा पडदा फोडा. तेही नाही तर व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे ती जेलीच काढणं.

आखूड डोळा, उथळ कप्पा, बंद कोन : हा मॅलिग्नंटचा आवडता पत्ता आहे. एका डोळ्यात झालं तर दुसऱ्यालाही धोका.

नेत्रपल्लवी

शिवणकर, तुम्ही ट्रॅबच्या बाजूने लिहिलंत आणि वाचून सगळे फेकोकडे पळतील :)

शिवणकर

प्रामाणिकपणाचा तोटा.

गोळ्यांचं_दुकान

अवांतर, पण काउंटरवर रोज येतं. सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. 'काचबिंदू असल्यास घेऊ नये' ही ओळ मुख्यतः अरुंद कोन असून लेझर किंवा फेको न झालेल्यांसाठी आहे. आणि मायग्रेनसाठीचं टॉपिरामेट सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही डोळ्यांत एकदम धूसर आणि मायनस नंबर आला, तर तो वेगळाच बंद कोन. आत सूज येऊन सगळं पुढे सरकतं. त्याला लेझरचं छिद्र उपयोगी नाही, पायलोकार्पिन उलट बिघडवतं. गोळी लिहिणाऱ्याला विचारून बंद करायची, अॅट्रोपिन.

ऑप्टो_सोलापूर

अवांतरात अजून एक भर : अरुंद कोन दिसला की सगळ्यांनाच लेझर, हेही थांबायला हवं. ग्वांगझूची झॅप चाचणी, २०१९. ८८९ लोक, प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर, दुसरा तसाच, सहा वर्षं. लेझरने धोका जवळपास निम्मा झाला, पण मुळात धोकाच इतका कमी की एका डोळ्याला वाचवायला सहा वर्षांत ४४ जणांना लेझर द्यावं लागतं. मात्र नेहमी येऊ न शकणारा, मधुमेहामुळे वारंवार बाहुली मोठी करावी लागणारा, घरात अटॅकचा इतिहास असलेला, यांना द्यावं.

नेत्रपल्लवी

आणि अटॅक येऊन गेलेल्यांबद्दल हाँगकाँगचीच २००८ ची चाचणी विसरू नका. अटॅक औषधांनी उतरवल्यावर लवकर फेको केलेल्यांत दीड वर्षात ३.२ टक्के डोळ्यांचं प्रेशर पुन्हा चढलं, लेझरवाल्यांत ४६.७ टक्के. 'लवकर' म्हणजे लालभडक डोळ्यात त्याच रात्री नव्हे. कॉर्निया स्वच्छ होऊ द्या, दाह उतरू द्या.

नळवाला

ट्यूबचं (पाणी बाहेर नेणारी, डोळ्यात बसवलेली नळी) कोणीच नाव घेतलं नाही म्हणून. ट्रॅब फसली किंवा कंजंक्टायव्हा खराब असेल तर. मदुराईच्या ऑरोलॅबच्या एएडीआय या ट्यूबमुळे खर्च आवाक्यात आला. तिला व्हॉल्व्ह नाही, नळी ६-० व्हिक्रिलने बांधून ठेवतात, पाच-सहा आठवड्यांनी दोरा विरघळला की पाणी वाहायला लागतं. तोवर थेंब चालूच. बंद कोनात एकच सूचना : नैसर्गिक लेन्स असताना उथळ कप्प्यात नळी घालू नका, ती कॉर्नियाच्या पेशी खात बसते. लेन्स काढलेली असेल तर नळी आयरिसच्या मागे, सल्कसमध्ये. म्हणजे इथेही रस्ता लेन्सवरूनच जातो, कोनमापक खूश.

वाचनमात्र

मग फेको आणि ट्रॅब एकदमच का नाही करत? एक भूल, एक खर्च.

सरासरीचा_शत्रू

करतात. हाँगकाँगवाल्यांनी तेही तपासलंय, मोतीबिंदू असलेल्या बंद कोनात. एकत्र केल्यावर औषध साधारण एकाने कमी, गुंतागुंत जास्त. औषधांनी प्रेशर आधीच आटोक्यात असेल तर नुसतं फेको पुरतं. आटोक्यात नसेल आणि नसही बरीच गेलेली असेल तर एकत्रचा विचार.

कोनमापक

मूळ केसकडे वळू, नाहीतर धागा शंभरी गाठेल.

शिवणकर यांच्यामुळे मी एक पाऊल मागे घेतो. 'आधी लेन्स' हे −८ ला लागू. −१५ च्या पुढे, कप ०.९, तीन-चार थेंबांवरही २५ च्या वर : तिथे फेको-ट्रॅब एकत्र, झाकण घट्ट, अॅट्रोपिनवर. किंवा फेको करून सहा आठवड्यांत निर्णय, पण ती तारीख त्याच दिवशी कागदावर लिहून रुग्णाच्या हातात द्यायची. 'मग बघू' नाही.

या रुग्णाच्या उजव्या डोळ्याला फेको, थेंब चालू ठेवून. सहा आठवड्यांनी गोनिओ आणि प्रेशर, मग एकेक थेंब कमी करून बघणे. तीन महिन्यांनी फील्ड. प्रेशर १८ च्या खाली नाही आलं तर ट्रॅब. तोवर कप्पा खोल झालेला असेल, ट्रॅब कमी धोक्याची होईल.

शिवणकर

१८ नको, १६. आणि कंजंक्टायव्हा वाचवा, चीर बाजूने कॉर्नियात, वरचा भाग मला ठेवा. बाकी सही करतो.

कोनमापक

१६. मंजूर.

ऑप्टो_सोलापूर

डावा डोळा राहिला. तोही तितकाच आखूड आहे आणि उजवा ० वर, डावा +३ वर असा माणूस फार दिवस जिना उतरू शकत नाही. डाव्याला फेको ठरलं तर घाई मात्र नको, तीन-चार आठवड्यांनी उजव्याचा नंबर बसल्यावर घ्या. उजवीकडे अपेक्षेपेक्षा जेवढं चुकलं असेल, त्याच्या निम्म्याची दुरुस्ती डावीकडच्या लेन्समध्ये करा. पूर्ण नाही, निम्मीच.